अर्धी मदत

घाटकोपरच्या असल्फ्यात राहणारी द्रौपदी राणे कुणाला भिणारी बाई नव्हती. पण कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत फोन वाजला की तो उचलायला ती कचरायची. ती गावकरी मंडळाची खजिनदार होती.

मंडळ कोकणातल्या एकाच वाडीचं, गिरणीतल्या म्हाताऱ्यांनी काढलेलं. घरटी वर्गणी भरायची, आणि घरात कुणी गेलं की त्याच दिवशी पंचवीस हजार हातात. गिरण्या बंद पडल्या, माणसं वॉचमन झाली, रिक्षा चालवू लागली, तरी हा नियम कधी मोडला नव्हता. वर्षाला दोन-तीन मयतं व्हायची, फंड पुरायचा. त्या महिन्यात मात्र चार घरांना पैसे दिले आणि फंडात जेमतेम दोघांपुरते उरले.

"आहेत तोवर देऊ," अध्यक्ष विद्याधर फोनवर म्हणाले. "संपले की संपले."

"म्हणजे आधी गेला तो नशीबवान? नाही भाऊ. आजपासून सगळ्यांना अर्धे. उरलेले पैसे मंडळ नंतर फेडेल."

"लोक शिव्या देतील."

"मला देऊ देत."

दुसऱ्याच दिवशी तिचा दीर गेला. संध्याकाळी ती पाकीट घेऊन जावेच्या दारात उभी राहिली. मालनने ते उघडून पाहिलं.

"वैनी, परक्यांका पुरे दिल्यात, आणि घरच्या मयताक अर्धे?"

द्रौपदीच्या पर्समध्ये स्वतःचे पैसे होते. हात तिकडे गेलाही. पण घरच्यांना पुरे मिळाले अशी बोंब झाली, तर पुढच्या दारात कुठल्या तोंडाने जाणार? तिने हात मागे घेतला.

"काकी, पैसे खाल्लेस तू!" पुतण्या राजेश सगळ्या चाळीदेखत ओरडला.

ती तशीच मागे वळली. घरी येऊन मोरीत नळ सोडून रडली.

लॉकडाऊन उठल्यावर तिने वर्गणी दुप्पट करून घेतली. काही घरं त्यावरून मंडळ सोडून गेली. वाकोल्यापासून बोरिवलीपर्यंत ती दारोदार फिरली, ऐकून घेतलं, मागत राहिली. दोन वर्षांत तिने एकेकाचे उरलेले पैसे फेडले. मालनचे सगळ्यात शेवटी दिले.

मालनने पैसे घेतले. द्रौपदी निघायला वळली. मग मालन म्हणाली, "बसा, च्याय ठेवतंय."

राजेश आतल्या खोलीत होता. तो बाहेर आला नाही, आणि बाप गेल्यापासून बंद केलेली वर्गणीही त्याने अजून सुरू केलेली नाही.