मोजणीदारांचे चार हजार नऊशे ऐंशी मीटर

मोजणीदारांना चालताना हाक मारली तर ते ओ देत नसत. शंभर पावले पुरी झाली की थांबत, कोटाच्या डाव्या खिशातला एक शेंगदाणा उजव्या खिशात टाकत आणि मग वळून म्हणत, "हां, बोला." सातारा जिल्ह्यातल्या जमिनी मोजण्यात त्यांची छत्तीस वर्षे गेली होती. निवृत्तीनंतर ते मुलाकडे डब्लिनच्या सँडीफोर्ड भागात आले, महासाथीत परतीची विमाने रद्द होत गेली आणि ते तिथेच अडकले. मोजणी मात्र अडकली नाही. आमच्या इमारतीपासून ट्रामच्या थांब्यापर्यंत सहा शेंगदाणे होतात, हे मला आजही पाठ आहे.

त्यांच्याविषयी आता बरेच काही सांगितले जाते. आमच्या भागातील मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटावर श्री. साठे दर हिवाळ्यात ती बर्फातली हकीकत नव्याने लिहितात, आणि दर हिवाळ्यात मी त्यांच्या लेखनात अधिक वेळा पडतो. यंदा मी तीनदा पडलो. प्रत्यक्षात श्री. साठे त्या दिवशी स्वतःच्या घरी रेडिएटरला पाय लावून बसले होते. घटनास्थळी मी होतो. बत्तीस वर्षे मी न्यायालयात लघुलेखक होतो. माणूस काय बोलला आणि तो काय बोलला असे लोक म्हणतात, यांतील अंतर हाच माझा चरितार्थ होता. म्हणून आरंभीच नोंदवतो की मी पडलो नव्हतो. बसलो होतो.

मोजणीदारांचा नियमावर विश्वास होता असे म्हणणे अपुरे ठरेल. नियम हा त्यांचा नातेवाईक होता. एका पुढाऱ्याच्या बांधासाठी हद्दीची खूण वीतभर सरकवायला त्यांनी नकार दिला आणि त्यापायी तीन बदल्या सोसल्या. "खूण हलली की माणूस हलला, साहेब," एवढेच ते त्यावर म्हणत. त्या हिवाळ्यात आयर्लंडमध्ये नियम असा होता की व्यायामासाठी घरापासून पाच किलोमीटरच्या आतच फिरावे आणि दुसऱ्याच्या घरात शिरू नये. त्यांची मुलगी मृणाल मिलटाउनला राहत असे. तिला मुलगी झाली तेव्हा मोजणीदारांनी नकाशावर दोरा लावून रस्ता मोजला. पाच किलोमीटर सहाशे मीटर भरला. त्यांनी दोरा गुंडाळून ठेवला आणि नातीला खिडकीबाहेरून पाहण्याचा विचार सोडून दिला. मुलाने समजावले, मी समजावले. सहाशे मीटर म्हणजे वीतभर नव्हे, असे त्यांनी आम्हाला सुनावले.

साताऱ्याला असलेल्या त्यांच्या पत्नीने मात्र समजावण्याच्या भानगडीत न पडता टपालाने एक कुंची पाठवली आणि फोनवर हुकूम सोडला. "बाराव्या दिवशी दुपारी दोनला नाव ठेवायचंय. तोवर कुंची पोरीच्या डोक्यावर न्हाई दिसली तर मला फोन करायचा न्हाई. मोजत बसा तिकडं." छत्तीस वर्षांत ज्यांना तहसीलदार हलवू शकला नव्हता, ते मोजणीदार त्या रात्री जेवले नाहीत.

बाराव्या दिवशी सकाळी शहर नाहीसे झाले होते. इतके बर्फ त्या भागात क्वचितच पडते. ट्राम बंद, बसगाड्या बंद, रस्ता कोठे संपतो आणि बाग कोठे सुरू होते याचा पत्ता नाही. मोजणीदार पहाटेपासून खिडकीत उभे होते. नऊ वाजता त्यांनी माझे दार वाजवले. हातात नकाशा होता. शाळेचे मैदान, सुपरमार्केटचे वाहनतळ आणि बंद असलेले गोल्फचे मैदान यांतून आडवे गेले तर अंतर चार हजार नऊशे ऐंशी मीटर होत होते. मी विचारले की परक्याच्या जमिनीतून जाणे त्यांना कसे चालते. त्यांनी उत्तर तयारच ठेवले होते. "जमिनीला पाय लागला तर अतिक्रमण, साहेब. आपण बर्फावरनं जायचं. खाली कोण मालक हाय, आपल्याला काय ठावं?"

स्की दिल्या त्या तळमजल्यावरच्या मॉरीनबाईंनी. त्यांच्या दिवंगत पतीने नॉर्वेहून आणलेली ती लांब, अरुंद जोडी होती. पुढचा पंजा घट्ट आणि टाच मोकळी. टाच मोकळी पाहून मोजणीदारांना धीर आला. "वहाणच म्हणा की," ते म्हणाले आणि बुटांत तीन मोजे घालून उभे राहिले. डोक्याला माकडटोपी, कोटाच्या आत कुंची. जोडी एकच असल्यामुळे मी मागून गमबुटांनी चाललो. श्री. साठे लिहितात की मी कचरापेटीच्या हिरव्या झाकणावर बसलो होतो व मोजणीदार मला दोरीने ओढत होते. हे अर्धसत्य आहे. झाकणावर मी केवळ उतारावर बसलो, तेही मोजणीदारांच्या विनंतीवरून, आणि दोरी माझ्या हातात होती.

त्या दिवशी शेंगदाणे निकामी ठरले. घसरण्याला पाऊल म्हणायचे काय, हा प्रश्न मोजणीदारांना शाळेच्या मैदानातच पडला. शेवटी त्यांनी आपली जुनी पद्धत काढली. मी मागे लाल मफलर धरून उभे राहायचे, समोर चर्चचा मनोरा ठेवायचा आणि ते रेषेतून ढळले की ओरडायचे. "डावीकडे," मी ओरडे. "किती?" ते विचारत. "बोटभर." स्कीवरच्या माणसाला बोटभर वळता येत नाही, ते हातभर वळत आणि परत येत. वाहनतळात बर्फाचा माणूस करणारी मुले हातातले काम सोडून आमच्याकडे पाहू लागली. एका मुलीने आम्हाला रेषा चुकल्याचे हातानेच दाखवले. तिचे बरोबर होते.

गोल्फच्या मैदानात वाळूचे खड्डे असतात, ही माहिती मला बर्फाखालून मिळणे शक्य नव्हते. उतार आला, मी झाकणावर होतो, झाकणाचे मत निराळे पडले आणि ते मला रेषेपासून तीस मीटर बाजूला घेऊन गेले. तेथे मी बसलो. कमरेपर्यंत बर्फात बसलो होतो, हे मान्य. उठता येत नव्हते, हेही मान्य. मोजणीदार पुढे रेषेत होते. दोनला पंचवीस मिनिटे होती आणि त्यांच्याजवळ जास्तीचे अंतर होते अवघे वीस मीटर. त्यांनी एकदा मनोऱ्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग रेषा सोडून माझ्याकडे आले, स्कीची काठी पुढे केली, मला ओढून काढले आणि आम्ही त्याच वाटेने रेषेवर परतलो. साठ मीटर खर्च झाले. मीच ते मनात मोजले.

मृणालची खिडकी समोर दिसत असताना, रस्त्याच्या अलीकडे, मोजणीदार थांबले. पाच किलोमीटर संपले होते. चाळीस मीटर पलीकडे खिडकीत बाळाला घेतलेली मुलगी हात हलवत होती. मी म्हणालो, "मोजणीदार, चाळीस मीटर. कोण बघतंय?" ते म्हणाले, "मी." आणि कोटातून कुंची काढून माझ्यापुढे धरली. "माझी हद्द संपली. तुमाला खड्ड्यात झाकणानं नेलं, ते चालण्यात धरत न्हाईत. तुमी जा."

तेवढ्यात एक तरुण गार्डा, म्हणजे तेथील पोलीस, पायीच आला. पश्चिमेच्या मेयो परगण्याकडचा असावा, बोलणे गाण्यासारखे होते. स्कीवर उभा सातारकर आणि हिरव्या झाकणासह मी, असा देखावा त्याने शांतपणे पाहिला आणि काय चालले आहे ते विचारले. मोजणीदारांनी नकाशा उघडून गुन्हा कबूल केला. मी भाषांतर केले. गार्डाने बराच वेळ नकाशा न्याहाळला. मग सांगितले की पाच किलोमीटर रस्त्याने नव्हे, घरापासून सरळ मोजायचे असतात. मिलटाउन पहिल्यापासून हद्दीतच होते. "यू आर ग्रँड," तो म्हणाला, म्हणजे तिकडच्या बोलीत काही हरकत नाही. मी ते भाषांतरित केले नाही, तरी मोजणीदारांना समजले.

नातीला न पाहता अकरा दिवस उगाच गेले होते. मी रागावलो, गार्डावर, नियमावर, सर्वांवर. मोजणीदार फक्त म्हणाले, "तळटीप वाचायची राहिली." गार्डाने रिकाम्या रस्त्यावर हात वर करून नसलेली वाहने थांबवली आणि आम्ही पलीकडे गेलो.

कुंची पायरीवर ठेवली. दोनला पाच मिनिटे असताना ती बाळाच्या डोक्यावर चढली आणि साताऱ्याला फोनच्या पडद्यावर दिसली. तिकडून हुंकार आला, तो मी मंजुरी समजलो. मृणालने बाळाला काचेशी धरले. मोजणीदारांनी खिशातून टेप काढली, बाहेरून काचेवर लावली आणि नातीला डोक्यापासून टाचेपर्यंत मोजले. "एक फूट आठ इंच," ते म्हणाले. पुन्हा मोजले. मग टेप मिटायची विसरून तसेच उभे राहिले. बाळाचे नाव आम्हाला काचेतून नीट ऐकू आले नाही. ते नंतर फोनवर विचारावे लागले.

विमाने सुरू झाल्यावर ते साताऱ्याला परतले. निघताना मला कागदाची एक गुंडाळी दिली. त्या दिवसाच्या नकाशाची त्यांनीच हाताने काढलेली नक्कल होती. मूळ प्रत मिलटाउनला पाळण्यावर लावली आहे. शाळा, वाहनतळ, मनोरा, सारे प्रमाणात. गोल्फच्या मैदानात रेषेला एक कोपरा आहे, तीस मीटर जाऊन तीस मीटर येणारा, आणि टोकाशी त्यांच्या सरकारी वळणाच्या बारीक अक्षरांत लिहिले आहे : येथे लिमयेसाहेब बसले.

हा कागद गटावर टाकला तर श्री. साठे यांचे तोंड कायमचे बंद होईल. तीन बदल्या सोसून ज्यांनी वीतभर खूण सरकवली नाही, त्यांच्या हातची ती नोंद आहे. तिची कोणी उलटतपासणी करावी अशी माझी इच्छा नाही. पुढच्या हिवाळ्यात श्री. साठे यांना मला चारदा पाडायचे असेल, तर त्यांनी खुशाल पाडावे.