‘व्हय म्हाराजा’विना गाऱ्हाणे

माझ्या नवऱ्याला शब्दांची मुळे खणायचा भारी नाद. पेडण्याच्या शाळेत तो मराठी शिकवायचा. जेवायला बसला की ताटातला एकेक पदार्थ चौकशीला उभा करायचा. बटाटा पोर्तुगीज, पाव पोर्तुगीज, काजू तर त्यांनी ब्राझीलहून नावासकट आणलेला. त्यांचा ‘देउश’ आणि आपला ‘देव’ ही म्हणे एकाच आजीची नातवंडे. पण त्यांच्या भाषेत ‘पाय’ म्हणजे बाप, आणि त्याचे आपल्या पायाशी काडीचेही नाते नाही. दिसायला जुळे, रक्ताने परके. मला हे ऐकायला फार आवडायचे. लाटंबार्सेहून कोरगावला लग्न होऊन आले तेव्हा वाटले होते, चला, घरात बोलका माणूस मिळाला.

आबांनाही ते आवडायचे. आबा म्हणजे माझे चुलत सासरे. माझे सासरे लवकर गेले, तेव्हा आबांनीच काजूच्या बागेवर माझ्या नवऱ्याला शिकवले आणि नणंदेला लहानाचे मोठे केले. पुतण्या शब्द सोलायला लागला की ते हसून म्हणायचे, "खा रे बाबू, भात थंड जाता."

मग गोव्यात राजभाषेचे आंदोलन पेटले. मराठी की कोकणी, यावरून भिंती रंगल्या आणि सोयऱ्याधायऱ्यांत बोलणे बंद झाले. नवरा मराठीच्या सभा गाजवू लागला. त्याने ती बाजू घेतली याबद्दल माझी तक्रार नाही. मीही मराठी पोथ्या वाचतच वाढले. पण त्याच्या नादाला आता धार आली. आधी शब्दांची नुसती चौकशी व्हायची, आता हद्दपारी सुरू झाली. तो घरातसुद्धा पुस्तकी मराठी बोलायला लागला. चावीला किल्ली म्हणायचे, जनेलाला खिडकी, पगाराला वेतन. पगार घरी आणताना मात्र त्याचा हात कधी आखडला नाही.

अशात नणंदेचे लग्न ठरले. आमच्याकडे शुभकार्याआधी गाऱ्हाणे घालतात. घरातल्या वडीलधाऱ्याने नारळ-विडा ठेवून देवाशी मोठ्याने बोलायचे आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरायचा. होकार मिळाला तर गाऱ्हाणे पावले. आबांचे गाऱ्हाणे ऐकायला सगळा वाडा लोटायचा. ते काही पाठ केलेले नसे. ओसरीवर शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावे तसे ते देवाशी बोलायचे. "आमच्या चेडवाक सुखात ठेव म्हाराजा," असे ते म्हणाले की ओसरी होकाराने दणाणून जायची.

सभेत कुणीतरी नवऱ्याला टोमणा मारला, "तुमच्या घरचा गाऱ्हाणा कसल्या मराठीत घालतात हो, मास्तर?" ते त्याच्या जिव्हारी लागले. त्या संध्याकाळी तो आबांना म्हणाला, "या वेळी गाऱ्हाणे शुद्ध मराठीत घालूया. हा ‘चेडू’ शब्द कुठून आला माहीत आहे? ‘चेटी’वरून. चेटी म्हणजे दासी. देवासमोर आपल्या मुलीला दासी म्हणायचे?"

आबा म्हणाले, "रे, माका खंय दासी दिसता? माका आमचा चेडूच दिसता."

पण मास्तरांचा हट्ट तो हट्ट. त्यातून सभेतली त्याची मित्रमंडळी लग्नाला यायची होती. आणि या पोराला नाही म्हणायची आबांना सवयच नव्हती. मग रोज दिवेलागणीला पाठांतर सुरू झाले. "आमच्या सुकन्येस सौख्य लाभो, ही आपल्या चरणी विनम्र प्रार्थना." सत्तरी गाठलेला माणूस शाळकरी पोरासारखा घोकत बसायचा, चुकला की पुतण्या दुरुस्त करायचा, आणि आत भाकऱ्या थापताना मलाच कानकोंडे व्हायचे.

लग्नाच्या सकाळी आबा धुतलेले धोतर नेसून देवापुढे उभे राहिले. मित्रमंडळी पहिल्या रांगेत होती. आबांनी पहिले वाक्य न चुकता म्हटले आणि ते थांबले. होकार आला नाही. येणार कुठून? वाक्याच्या शेवटचा ‘म्हाराजा’ नवऱ्याला गावंढळ वाटला होता, म्हणून त्याने तो काढून सुरुवातीला ‘हे परमेश्वरा’ घातले होते. आमच्या माणसांना तर ‘म्हाराजा’ कानावर पडला की होकार भरायचा हेच ठाऊक. वाक्य संपले की अजून चालू आहे, हेच कुणाला कळेना. सगळे एकमेकांची तोंडे बघू लागले.

आबांनी दुसरे वाक्य म्हटले आणि पुन्हा वाट पाहिली. तिसऱ्यानंतर त्यांनी वाट पाहणे सोडले. शब्द दिला होता म्हणून खाली मान घालून शेवटपर्यंत म्हणत गेले. ते संपले तेव्हा पहिल्या रांगेने टाळ्या वाजवल्या. गाऱ्हाण्याला टाळ्या! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे मला झाले. आणि नवरा हात जोडून त्या टाळ्या स्वीकारत होता.

नणंद आत येऊन माझ्या गळ्यात पडली. "वयनी, माजा गाऱ्हाणा पावाक नाय गो. कोणीच व्हय म्हणूक नाय." मुंडावळ्या बांधलेली मुलगी अशी हमसून रडताना मला बघवेना. मी आबांना मागच्या दारी गाठले आणि विनवले, मांडवात नको तर इथे, तुळशीपाशी, पण तुमच्या तोंडाने पुन्हा घाला.

"एका कार्याक दोन गाऱ्हाणी घालूची नसतत, बाय," आबा म्हणाले. "पयला कोणाचा व्हता म्हणान देव विचारतलो. मगे काय सांगू? माज्या पुतण्याक माजी लाज वाटली म्हणान सांगू?"

मी पदराने डोळे पुसले आणि पंगतीचे बघायला गेले.

नणंद सुखाने नांदते आहे, तिला दोन मुले आहेत. पण अजूनही तिच्या घरी काही दुखले-खुपले की माहेरी आल्यावर ती माझ्याकडे नुसती बघते, आणि मी नजर चुकवते. आंदोलन निवले, गोवा राज्य झाले. सभा बंद पडल्या तसा नवऱ्याचा पुस्तकी आवाजही हळूहळू उतरला.

आबांचा मात्र चढला. त्या दिवसानंतरही ते माझ्याशी, गड्यांशी, गुरांशीसुद्धा आपल्या बोलीत बोलत. पुतण्याशी मात्र शुद्ध मराठीत, एखाद्या मामलेदाराशी बोलावे तसे. ‘बाबू’ गेला, ‘आपण’ आले. त्यात राग नसे, टोमणाही नसे. एकदा दोघे शेजारी जेवायला बसले होते. "बाय, माका वायच निस्त्याक वाड," आबा मला म्हणाले. मी थोडे माशाचे कालवण वाढले. नवऱ्याच्या ताटातला भात संपला होता. मग त्याने, कित्येक वर्षांनी, लहानपणीच्या बोलीत म्हटले, "आबा, माका वायच भात व्हयो."

आबांनी भाताचे भांडे त्याच्यापुढे सरकवले.

"अवश्य," ते म्हणाले. "आपण घ्यावा."