बाबांनी लॅमिनेट केलेली सोनोग्राफी

मंगळवार, बारा तारीख. काम: सासऱ्यांची फाइल तारखेप्रमाणे लावणे. चार वाजता घाटकोपरच्या रुग्णालयातून फोन येणार होता, त्याआधी.

बाबांच्या पोटातली महाधमनी एका जागी फुगली आहे. सहा महिन्यांपूर्वी मुलुंडला मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली, तेव्हा हे भलतंच सापडलं. अशा लहान फुगवट्यांवर घाटकोपरला संशोधन चालू आहे: कोणाचा किती वेगाने वाढतो, कोणाला शस्त्रक्रियेशिवाय सांभाळता येतं. बाबांनी सही केली. चाळीस वर्षं पाणीखात्यात काढलेला माणूस. "पाइप फुगला की आम्ही बदलायचो. हे नुसते मोजत बसतात," एवढंच म्हणाले.

गेल्या आठवड्यात घाटकोपरला मोजलं. पाच सेंटिमीटर. मुलुंडच्या रिपोर्टात साडेचार. संशोधनाच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, सहा महिन्यांत खरंच एवढं वाढलं असेल तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल. पण कोणी भिंतीच्या आतून मोजतं, कोणी बाहेरून, त्यानेही इतका फरक पडतो. मुलुंडवाल्यांनी कसं मोजलं ते फोटोवरच्या खुणांवरून कळेल. फोटो पाठवा.

म्हणजे एकोणऐंशी वर्षांच्या माणसाचं ऑपरेशन त्या चार बोटं रुंदीच्या कागदावर अडलेलं.

कागद फाइलीत होता. काळाकुट्ट, कडक, कोपरे गोल कापलेले.

"बाबा, हे काय?"

"लॅमिनेशन. खालच्या झेरॉक्सवाल्याकडून."

"सोनोग्राफीच्या फोटोला?"

"तूच म्हणालीस ना, जपून ठेवा."

म्हणाले होते. आमच्याकडे रेशनकार्डापासून नवऱ्याच्या दहावीच्या गुणपत्रिकेपर्यंत सगळं प्लॅस्टिकमध्ये आहे, हे तेव्हाच आठवायला हवं होतं. हे फोटो उष्णतेवर उमटतात. गरम मशीनमधून काढले की अख्खा कागद काळा.

"काळा झालेला दिसला नाही तुम्हाला?"

"झेरॉक्सवाला म्हणाला, काका, वाट लागली. मी म्हटलं, आधी कुठे गोरा होता?"

"मग मला का नाही सांगितलंत?"

"चिडली असतीस."

"आता काय करतेय मी?"

"चिडलीसच. पण सहा महिने शांततेत गेले ना."

नवऱ्याला ऑफिसात फोन केला. "तू बघ ना यार, मी मीटिंगमध्ये आहे." वडील कोणाचे, हे मी विचारलं नाही.

चार वाजता डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं आणि सुस्कारा सोडला. "तुम्ही पहिल्या नाही. मुलुंडच्या मशीनमध्ये फोटो शिल्लक आहे का बघा."

सेंटरचा फोन कोणी उचलेना. मंगळवारी दुपारनंतर बंद, असं शेवटी शेजारच्या केमिस्टने सांगितलं.

जेवताना बाबा भाताशी चाळा करत बसले होते. "पोट उघडतील का गं?"

"ते उद्या कळेल. भात संपवा."

सकाळी आठला मी मुलुंडच्या सेंटरच्या शटरसमोर उभी होते. साडेआठला उघडलं. मशीनमध्ये फोटो होता. तिथल्या डॉक्टरांनी खुणा पाहिल्या: आतून मोजलेलं. त्याच फोटोवर घाटकोपरसारखं बाहेरून मोजलं तर चार पूर्णांक नऊ. मी तिथूनच तो डॉक्टरबाईंना पाठवला. उत्तर आलं: फारसं वाढलेलं नाही, सहा महिन्यांनी या. बाबांना फोन करून सांगितलं. "म्हणजे पाइप तोच ठेवायचा," म्हणाले.

नवा फोटो पाकिटात घातला. घरी जाण्याआधी झेरॉक्सवाल्याकडे थांबले आणि त्याला सांगितलं, "काका कुठलाही काळा कागद घेऊन आले तर मशीन बंद आहे म्हण, आणि मला फोन कर."