दाजींचं उशिरा पोचलेलं अपील

माझ्या बहिणीचे यजमान हिंदुराव, म्हणजे आमचे दाजी, यांच्याविषयी कुणी वाईट बोललेलं मी आजवर ऐकलेलं नाही. ती उणीव मी भरून काढतो. इतका भला माणूस घरात असू नये. भलेपणा त्याचा असतो आणि निस्तरावं बाकीच्यांना लागतं.

दाजी मूळचे गडहिंग्लजकडचे. अंबरनाथला एका कंपनीत लेथवर लागले आणि बुवापाड्यात राहू लागले. ती कंपनी बंद पडल्यावर त्यांनी आनंदनगरला अर्धा गाळा भाड्याने घेतला आणि स्वतःचं मशीन टाकलं. मोठ्या कंपनीने लोखंडी रॉड द्यायचे, दाजींनी ते कापून, घासून पिना करून द्यायच्या, असा धंदा. मशीन मिळवून दिलं उल्हासनगरच्या मुकेशभाईंनी. ते टॅक्सची कामं करायचे. दाजींना तेव्हा दारातसुद्धा कुणी उभं करत नव्हतं. मुकेशभाई मशीनवाल्याला म्हणाले, "माझ्या जबानवर दे." बस, तेवढ्या वाक्यावर दाजी जन्माचे मिंधे झाले.

जीएसटीचा नंबरही भाईंनीच काढला. त्यात मोबाइल भाईंचा, ईमेल भाईंचा. आमच्याकडचे छोटे गाळेवाले सर्रास असंच करतात. मशीन चालू असताना ओटीपी सांगायला तेलाचे हात कोण पुसत बसणार? भाई म्हणायचे, "साईं, तू मशीन संभाळ, सरकारला मी संभाळतो." आणि खरं सांगायचं तर त्यांनी ते वर्षानुवर्षं चोख सांभाळलं.

मग एका दिवाळीनंतर भाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. भाभींनी त्यांचा फोन बंद करून कपाटात टाकला आणि ऑफिसला कुलूप लावलं. दाजी दर रविवारी चिकू घेऊन उल्हासनगरला जायचे, भाईंचे पाय चेपून द्यायचे आणि परत यायचे. माझ्या रिटर्नचं काय, असं चुकून एकदाही विचारलं नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून आपल्या कामाचं काढायचं नसतं म्हणे. रिटर्न दिसेना म्हणून कंपनीच्या अकाउंटवाल्याने बिलातला टॅक्स अडवला, तरी हे आपले, "भाई उठले की बघतील."

"दाजी, दुसरा माणूस धरा," मी डोकं फोडून सांगत होतो.

"आणि त्यांच्या कानावर गेलं तर? मी आडवा पडलो म्हणून हिंदुरावने दुसरा बघितला, असं नाय वाटणार त्यांना?"

सहा महिने रिटर्न गेलं नाही की नोटीस येते, आणि उत्तर दिलं नाही की नंबर रद्द होतो. नोटीस आली, नंबर रद्द झाल्याची ऑर्डर आली, सगळं कपाटातल्या बंद फोनवर. आम्हाला कळलं ते कंपनीच्या गेटवर. तयार माल उतरवून घेतला आणि नवे रॉड द्यायला नकार दिला. परचेसचे साहेब ओळखीचे होते. ते म्हणाले, "अपील टाका, नंबर परत चालू करून आणा. अपिलाचा निकाल लागेपर्यंत तुमचं काम दुसऱ्याला देत नाही. त्यापुढे मला थांबता येणार नाही." नवा नंबर काढला असता, तर कंपनीत मंजुरीचं सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं आणि तोवर काम हातचं गेलं असतं. म्हणजे गाळा राहणार की जाणार, हे त्या एका अपिलावर आलं.

शिवमंदिराच्या रस्त्याला राजसी नावाच्या वकील बसतात. दाजींना मी अक्षरशः ओढत तिथे नेलं. त्यांनी कॉम्प्युटरवर ऑर्डरची तारीख बघितली आणि कपाळाला हात लावला.

"काका, नंबर चालू करायच्या साध्या अर्जाची मुदत गेली. अपिलाला तीन महिने असतात, तेही गेले. त्याच्यावर एक महिना उशीर अपील ऐकणारे साहेब माफ करू शकतात, पण कारण पटलं तरच. तो महिना या शुक्रवारी संपतोय. कारण काय लिहू? सल्लागाराचा निष्काळजीपणा?"

"तसं नाय लिहायचं," दाजी म्हणाले. "माणूस अंथरुणाला खिळलाय."

"मग त्यांचं आजारपण लिहिते. हॉस्पिटलचे कागद आणून द्या."

"ते मागितले की कशाला पायजेत, हे सांगावं लागणार. आपल्यामुळे माझा नंबर गेला, हे भाईंना कळणार. नाय हो मॅडम."

मी म्हटलं, भाभींकडे मी जातो, काहीतरी थाप मारतो. दाजींनी मला ताईची शपथ घातली. ताई तिकडे रडकुंडीला आलेली, आणि शपथ तिचीच! शुक्रवार असाच वादावादीत गेला. पुढच्या मंगळवारी दाजींना एकदम सुचलं, की चूक माझीच, मीच लक्ष दिलं नाही, असं लिहावं. हेच शुक्रवारच्या आत का सुचलं नाही, हे विचारायची मला सोय नव्हती, कारण मी विचारलं असतं तर भांडणच झालं असतं. राजसी मॅडमनी सांगून पाहिलं की आता उपयोग नाही. तरी मागची सगळी रिटर्न्स दंडासकट भरली आणि अपील टाकलं.

सुनावणीचे साहेब वाईट नव्हते. तेच जास्त लागलं. खेकसले असते तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं.

"हिंदुराव, तुम्ही खोटं बोलत नाही, हे मला दिसतंय. पण तीन महिने आणि वर एक महिना, इथपर्यंतच माझा अधिकार. त्या शुक्रवारपर्यंत आला असतात, तर मी तुमचं ऐकलं असतं."

"बरोबर आहे साहेब," दाजी म्हणाले. बरोबर आहे! मला त्यांना तिथेच गदागदा हलवावंसं वाटलं. बाहेर आल्यावर राजसी मॅडम हायकोर्टाचं बोलू लागल्या. पण तिथला निकाल लागेपर्यंत कंपनी थांबणार नव्हती. थांबली नाहीच. त्याच आठवड्यात आमचे रॉड शेजारच्या गाळ्यात उतरले.

रविवारी दाजी उल्हासनगरला निघाले. मीही गेलो. आज मी भाईंना सगळं सांगणार, शपथ गेली खड्ड्यात, असं मनाशी ठरवूनच गेलो. भाई आता उशीला टेकून बसू लागले होते. दाजी त्यांचे पाय चेपायला बसले. भाईंनी तोंड वाकडं करत, थुंकी सावरत, बऱ्याच प्रयत्नांनी शब्द काढला.

"साईं... रिटर्न?"

एवढ्या महिन्यांत त्यांना पहिल्यांदा आठवलं होतं. डोळ्यांत घाबरल्यासारखं काहीतरी होतं. मी तोंड उघडलं.

"वेळेवर जातंय भाई," माझ्याकडे न बघता दाजी म्हणाले. "तुम्ही लावून दिलंय तसंच चाललंय."

भाईंनी मान मागे टाकली आणि डोळे मिटले. चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला. मी चिकूंची पिशवी त्यांच्या उशाशी ठेवली. दाजींनी दुसरा पाय मांडीवर घेतला.