न उतरता जायची वाट

माझ्या नवऱ्याला धड चालता येत नाही, पण सायकल उत्तम चालवता येते. हे मी ज्याला सांगते तो आधी हसतो, मग माझ्याकडे संशयाने बघतो. कंपवातात काही जणांचं असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. घरात स्वयंपाकघराच्या दारापाशी आला की त्याचे पाय फरशीला चिकटतात. मी पुढून, मागून, प्रेमाने, रागाने, सगळं करून बघितलंय. पाऊल उचलत नाही. त्याच माणसाला सायकलवर बसवून मागून हलकासा रेटा दिला, की पाय आपोआप फिरू लागतात आणि मग त्याला गाठता गाठता माझी दमछाक होते. अडचण फक्त चढताना आणि उतरताना.

सायकल त्याची जुनी. बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरी होती तेव्हा, पन्नाशी उलटल्यावर, त्याने जाड टायरची ही गिअरवाली सायकल घेतली होती. रविवारी मित्रांबरोबर टेकड्या हिंडून यायचा आणि चिखलाचे कपडे माझ्यापुढे टाकायचा. तेव्हा मी त्या सायकलीला सवत म्हणायचे. आता मीच तिची चेन पुसते. कारण दुखणं आल्यापासून त्याचं बाकी सगळं सुटलं होतं. लग्नांना जाणं बंद, हुडकेश्वरच्या आमच्या लेआउटमधल्या चार घरी संध्याकाळी बसणं बंद. कोणी आलं तरी आतल्या खोलीत पडून राहायचा. सायकलही सुटली तर हा माणूस त्या खोलीतून बाहेर यायचा नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

बंगळुरूला असलेल्या मुलाने फोनवर अटी घातल्या. वाहनांच्या रस्त्यावर नाही. एकट्याने तर नाहीच. आणि बाबा एकदा जरी पडले, तर त्या दिवसापासून सायकल बंद. मुलाचं चुकत नव्हतं, म्हणून मला त्याचा जास्तच राग आला.

मग मी स्वतःसाठी एक सायकल घेतली आणि वाट शोधायला निघाले. माझं माहेर खाप्याचं. तिथलं घर आता कुलूपबंद असतं, पण अंगण मोकळं आहे आणि अंगणात सायकलच्या सीटवर बसायला सोयीचा ओटा आहे. मी सायकल गाडीच्या मागे बांधून खाप्याला जायचे, ओट्यापासून सायकल काढायचे आणि कन्हान नदीच्या काठाने किंवा मागच्या बरडाने, म्हणजे उजाड माळाने, फिरून परत ओट्यापाशी यायचे. नियम एकच: जिथे मला पाय टेकवावा लागेल ती वाट बाद. नदीकाठची सरळ वाट रेतीने बाद केली, चाक रुततं. संत्र्याच्या बागांमधली वाट पाटांनी बाद केली. बरडावर मात्र मुरूम आहे, घट्ट आणि लालसर. सगळीकडे गुडघ्याएवढं वाळलं गवत, मध्येच एखादा पळस, आणि डोक्यावर एवढं आभाळ की शहरात राहून आपण ते विसरूनच गेलेलो असतो. कॉलेजनंतर कधी सायकलला हात न लावलेली मी त्या हिवाळ्यात चांगलीच तयार झाले.

शेवटी एक वाट जमली. बरडावरून चढत जायची, पलीकडे उतरून नदीच्या उंच काठाने वळायची आणि परत गावात यायची. पाय कुठेच टेकवावा लागत नव्हता, फक्त एक जागा सोडून. तिथे वाट एका शेतातून जायची आणि ढोरांनी हरभऱ्यात शिरू नये म्हणून मालकीण वाटेत बाभळीची मोठी फांदी आडवी टाकून ठेवायची. शेतातच तिचं दोन खोल्यांचं घर होतं. माझ्याहून थोडी मोठी, नवरा गेलेला, लेकी सासरी. मी तिला विचारलं, की रविवारी सकाळी आम्ही येऊ तेव्हा तेवढी फांदी बाजूला करशील का, आम्हाला न थांबता जायचं असतं. का, ते सांगितलं नाही. व्यायाम म्हणाले. नवऱ्याचं दुखणं अनोळखी माणसापुढे काढायला माझी जीभ रेटत नाही.

ती लगेच हो म्हणाली. रविवारी आमच्या घंटीचा आवाज आला की फांदी ओढून बाजूला उभी राहायची आणि म्हणायची, चाहा ठेवला आहे. आम्ही "पुढच्या वेळी, पुढच्या वेळी" म्हणत तिच्यासमोरून निघून जायचो. असे बरेच रविवार गेले. एकदा तिने फांदी ओढली, पण चहाचं काही बोलली नाही. आमच्याकडे बघितलंही नाही.

मला ते टोचत राहिलं. परत आल्यावर मी नवऱ्याला गाडीत बसवलं आणि गाडीरस्त्याने तिच्या शेतापर्यंत गेले. ती कोथिंबीर खुडत होती. उठली नाही. आम्ही थांबत नाही याचा राग आला का, असं मी विचारलं, तेव्हा तिने हातातली जुडी बांधून पूर्ण केली आणि मग बोलली.

"आमच्या घरचा चाहा चालत नाई का तुमाले? तसं असन तं सांगून द्या. मी फांदी तं काढीनच."

तिच्या दारावर निळी पताका होती, आत भिंतीवर बुद्धाचा फोटो होता. दोन्ही मी दर रविवारी बघत होते, आणि आमचं ते हसत हसत नाही म्हणणं तिच्या कानांना कसं ऐकू येत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी तिथेच बांधावर बसले आणि सगळं सांगितलं. पाय कसे चिकटतात, उतरला तर परत चढवणं किती कठीण, मुलाची अट, सगळं. तिने ऐकून घेतलं. मग आत जाऊन चहा टाकला. मी प्यायले. आलं घातलेला, गोड, फार चांगला चहा होता.

"अन् ते?" तिने गाडीकडे बघून विचारलं.

नवरा गाडीत बसून होता. आता तर सायकल नव्हती, घाई नव्हती, मी हात धरून आणलं असतं. मी हाक मारली. त्याने काचेतूनच हात हलवला, तूच पिऊन ये म्हणून. तिला माझं सांगणं अर्धंच पटलं असणार. माझीही मान खाली गेली.

घरी येईपर्यंत मी त्याला झोडपत होते. पायांचं समजू शकते, पण गाडीतून उतरायला काय धाड भरली होती? ती बाई काय समजली असेल?  कोराडीच्या आसपास कुठेतरी तो म्हणाला, "कप धरता येत नाई मले. लोकाइसमोर सांडते." मग मला कळलं की लग्नं, शेजारी, आतली खोली, सगळं या एका कपावर अडलेलं होतं. पायांवर नव्हतंच.

त्यानंतरच्या रविवारी बरडाच्या चढावर माझ्या मागच्या चाकात काटा गेला. हवा भस्सकन उतरली. तो पुढे होता. मी ओरडून सांगितलं, थांबू नका, जात राहा. थांबला तर माळावर एकटीने त्याला परत चढवणं मला जमलं नसतं. त्याने मान हलवली आणि पाहता पाहता चढापलीकडे गेला. मुलाची दुसरी अट तिथेच मोडली.

मी सायकल ढकलत चालायला लागले. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. त्याच्या खिशात फोन होता, पण चालवताना उचलायचा नाही असं मीच बजावलेलं. तरी दोनदा लावून पाहिला. सकाळ नेहमीसारखीच होती, गवतावर ऊन, दूर कुठेतरी रेतीचा ट्रॅक्टर, आणि मला ती शांतता नकोशी झाली होती. उतारावरून शेत दिसलं तेव्हा आधी त्याची सायकल दिसली. आडवी पडली होती. मी माझी सायकल तिथेच टाकून धावले.

फांदी बाजूला ओढलेली होती. तो तिच्या अंगणात बाजेवर बसला होता. कोपर खरचटलेलं, त्यावर हळद लावलेली. विजारीला माती. दोन्ही हातांनी स्टीलचा पेला धरला होता, पेला हलत होता, शर्टावर चहाचा ओला डाग पसरला होता. ती समोर जमिनीवर बसून आपला चहा पीत होती आणि डागाकडे बघत नव्हती.

"थांबले अन् म्हणे, आज उतरतो," ती मला म्हणाली. "मी धराले गेली तं नको म्हणे. मंग पडले."

तिथून बाजेपर्यंत तो कसा आला, ते मी विचारलं नाही. मला रडू येत होतं आणि त्याला एक ठेवून द्यावीशीही वाटत होती. एवढा हिवाळा घालवून मी न उतरता जायची वाट शोधली, आणि हा मुद्दाम उतरला. पडला की सायकल बंद, हे त्याला माझ्याइतकंच पाठ होतं.

"पडलो वं," तो म्हणाला. "सांग पोराले. पण एवढ्या दिवसांनी कोणाच्या घरी येऊन बसलो, हेबी सांग."

मी बाजेवर त्याच्याशेजारी टेकले. अट मुलाने घातली होती, मी नाही. त्याच्याशी भांडायचं ते मी भांडेन, असं मनात ठरवून टाकलं. नवऱ्याने पेल्यातला उरलेला घोट घेतला, त्यातला थोडा पुन्हा शर्टावर गेला. मग त्याने तो रिकामा, हलणारा पेला तिच्यापुढे केला.

"बाई, अर्धा अजून भेटन का?"