भिंतीवरचे कर्नल आणि आमचे बापूशास्त्री

न्यूझीलंडमध्ये लोकांच्या गराजमध्ये गाडी सोडून सगळं असतं. सायकली, तंबू, मुलांच्या जुन्या खुर्च्या. टाकायला म्हणून एक वस्तू हातात घ्यावी तर तिच्याखाली दुसरी निघते, आणि संध्याकाळपर्यंत माणूस काहीच न टाकता जुन्या वस्तू बघत बसतो. जॉन्सनव्हिलच्या चेस क्लबातल्या माझ्या गोष्टींचं तसंच झालंय. एक सांगायला घेतली की खालून दुसरी निघते. तेव्हा हाताला लागतील तशा सांगते.

*

मी वेलिंग्टनला, जॉन्सनव्हिल उपनगरात, मुलाकडे आले तेव्हा दोन हजार सालाची नवलाई नुकतीच ओसरली होती. सुहास आयटीत, सूनबाई इंजिनिअर, नात शाळेत. घरात दिवसभर मी आणि वारा. महिनाभरात मी कॉम्प्युटरमधल्या बुद्धिबळाला इतक्या शिव्या घातल्या की सुहास म्हणाला, "आई, तू आता माणसांशी खेळ. निदान ती उलट बोलतील."

बुधवारी संध्याकाळी तो मला आणि नातीला क्लबात घेऊन गेला. हॉलच्या दाराशी अध्यक्ष उभे होते, ग्रॅहम. उंच, पांढऱ्या भुवया, आयुष्यभर सर्वेअर म्हणून डोंगर मोजलेले. माझी साडी, वर सुहासचं जाकीट आणि पायात मोजे पाहून त्यांनी मला खिडकीजवळच्या टेबलाकडे नेलं आणि प्रेमाने म्हणाले, "नवशिके इथे बसतात. आधी घोडा कसा चालतो ते शिकू या."

मी सातवी पास आहे. बुद्धिबळ मला कोणी शिकवलं नाही. भाजी चिरता चिरता शेजारी पट मांडून मी स्वतः शिकले. इंग्रजीही वर्तमानपत्रातल्या बुद्धिबळाच्या सदरावरूनच शिकले, त्यामुळे 'चेकमेट' मला आधी आलं आणि 'प्लीज' बऱ्याच वर्षांनी.

मी म्हटलं, "घोडा कसा चालतो ते मला ठाऊक आहे. तुम्ही कसे चालता ते बघू या."

ग्रॅहम अर्ध्या तासात हरले. उठताना त्यांनी नाव विचारलं. मी तोंड उघडायच्या आत नात म्हणाली, "She's Aji." झालं. त्या दिवसापासून माझ्याच वयाचे, पार टक्कल पडलेले पुरुष मला आजी म्हणायला लागले. मी कोणाची चूक सुधारली नाही. मान मिळतोय तो का सोडा?

*

हॉलच्या भिंतीवर एकच फ्रेम होती. तीत भरघोस दाढीचा, डोळे वटारलेला एक गृहस्थ. हे कर्नल. एकोणिसाव्या शतकातले मोठे खेळाडू आणि ग्रॅहमचं दैवत.

क्लबात वर्षातून एकदा 'ओल्ड मास्टर्स इव्हिनिंग' असायची. प्रत्येकाने एकोणिसाव्या शतकातला एक उस्ताद निवडायचा, त्याच्या कारकिर्दीची चार वाक्यं सांगायची आणि संध्याकाळभर तोच होऊन खेळायचं. जो जिंकेल त्याचा उस्ताद वर्षभर भिंतीवर. ग्रॅहम दरवर्षी कर्नल व्हायचे आणि दरवर्षी जिंकायचे.

मी आले त्या वर्षी ग्रॅहमनी उभं राहून कर्नलची कारकीर्द सांगितली. लंडनमध्ये याला हरवलं, पॅरिसमध्ये त्याला हरवलं. मग पलटणीबरोबर हिंदुस्थानात. "तिथे कर्नलनी एका स्थानिक भटाला तासाभरात हरवलं."

मी हात वर केला. "भटाचं नाव?"

"नोंद नाही, आजी."

"लंडनवाल्याची आहे?"

"आहे."

"पॅरिसवाल्याची?"

"आहे."

"मग भटाची तेवढी शाई संपली होती का?"

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. मी उभी राहिले. कृष्णाकाठच्या आमच्या छोट्या संस्थानात बापूशास्त्री म्हणून दरबारी बुद्धिबळपटू होते, माझ्या आजेसासऱ्यांचे वडील. त्यांच्याशी खेळायला पलटणीतला एक दाढीवाला कर्नल आला होता हे आमच्या घरात चार पिढ्या सांगतात. डाव चार झाले. तीन शास्त्री जिंकले. चौथा निर्जळी एकादशीला झाला.

ग्रॅहमच्या भुवया वर गेल्या. "तो कर्नल हाच कशावरून?"

"तो भट दुसरा कशावरून?"

ग्रॅहमनी विचार केला. माणूस हट्टी, पण सरळ. म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या वर्षीपासून तुम्ही शास्त्री व्हा. जिंकलात तर नाव भिंतीवर."

मी तिथल्या तिथे ठरवलं. 'एक स्थानिक भट' म्हणून तो माणूस आणखी किती वर्षं या हॉलमध्ये हरत बसणार? त्याचं नाव या भिंतीवर चढवल्याशिवाय मी मरायची नाही.

*

पुढच्या वर्षी मी सूनबाईच्या ओढणीची पगडी बांधून गेले. बाकीच्यांनी खोट्या दाढ्या लावल्या होत्या. चहा-बिस्किटांचं खातं सांभाळणारे डेस, निवृत्त प्लंबर, ते ब्रँडी पिऊन खेळणारा कोणी उस्ताद झाले होते आणि कपातून काळा चहा पीत झिंगल्याचं नाटक करत होते.

आता शास्त्री व्हायचं म्हणजे नुसती पगडी पुरत नाही. बापूशास्त्री सोवळ्यात खेळायचे. गोऱ्या माणसाने हात लावलेल्या मोहऱ्यांना ते शिवत नसत. चंदनाच्या काडीने मोहरं ढकलायचे. मला सोवळं मुळीच मान्य नाही. त्या सोवळ्याने आमच्या घरातल्या बायकांची थंडीत ओल्या लुगड्यांनी हाडं गोठवली. पण नियम म्हणजे नियम. उस्ताद जसा खेळायचा तसं खेळायचं.

चंदनाची काडी जॉन्सनव्हिलमध्ये कुठे मिळणार? मी घरून भाताचा लाकडी चमचा नेला.

ग्रॅहमसमोर शेवटच्या डावात मी वरचढ होते. चमच्याने उंट सरकवताना चमच्याचा दांडा वजिराला लागला. आमच्यात नियम असा, की ज्या मोहऱ्याला हात लावाल ते खेळलंच पाहिजे. ग्रॅहम शांतपणे म्हणाले, "वजीर खेळा, आजी."

"हात लागला नाही. चमचा लागला."

"शास्त्र्यांचा हात म्हणजे चमचाच ना?"

समिती बसली. तीन माणसं कोपऱ्यात जाऊन बराच वेळ कुजबुजली आणि परत येऊन म्हणाली, चमचा हा हातच धरला जाईल. वजीर हलला, मेला, पाठोपाठ मी. कर्नल भिंतीवर तसेच.

सुहास गाडीत म्हणाला, "आई, पुढच्या वर्षी जरा सुधारक उस्ताद निवड."

*

त्यानंतरच्या हिवाळ्यात डेसनी मला चहाच्या खिडकीशी बोलावलं. इकडेतिकडे बघून म्हणाले, "आजी, एक सांगू? तो फोटो कर्नलचा नाही."

"मग कोणाचा?"

"कोणास ठाऊक. ग्रॅहमला ऑप शॉपमध्ये, जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाला, जुन्या कपबश्यांच्या शेजारी. कर्नलचा फोटो कुठेच नाही. मागच्या बाजूला पेन्सिलने कुठल्याशा मेंढ्यांच्या फार्मचं नाव आहे."

मी फ्रेमकडे पाहिलं. आता पाहिलं तर खरंच, त्या डोळ्यांत पटाची काळजी नव्हती, हवामानाची होती.

डेस म्हणाले, "ग्रॅहमला बोलू नका. त्याला वाटतं फक्त त्यालाच माहीत आहे."

मी बोलले नाही. मात्र त्या दिवसापासून ग्रॅहम फ्रेमखाली उभे राहून कर्नलच्या भेदक नजरेबद्दल बोलायला लागले, की मी विचारायची, "यंदा लोकर कशी आहे?" ग्रॅहमना वाटायचं मला विणकामाची आवड आहे. ख्रिसमसला त्यांनी मला लोकरीचे गुंडे दिले.

*

दुसऱ्या वर्षी चमचा घरी ठेवला. पण खोड ती खोड.

आपल्याकडे जुन्या खेळात प्याद्याने मात करणं ही सर्वांत मोठी शोभा. वजिराने कोणीही मारतो. शास्त्री तर डावाच्या आधीच सांगायचे, "या प्याद्याने मारीन," आणि त्या प्याद्याला कुंकू लावून ठेवायचे.

उपांत्य डाव डेसशी होता. मी चिमूटभर कुंकू आणलंच होतं. एका प्याद्याला लावलं. डेस म्हणाले, "हे काय?"

"हा तुमचा यमदूत."

तासाभरात डेसकडे राजा आणि दोन प्यादी उरली. त्यांनी हसून हात पुढे केला. "आजी, डाव सोडला. चहा ठेवतो."

मी हात मागेच ठेवला. "बसा खाली. प्यादं अजून पोचलं नाही."

"पण मी हरलोय."

"नुसतं हरून चालणार नाही. या प्याद्याने हरायचंय."

भला माणूस, बसला. मी प्यादं एकेक घर पुढे नेत होते. डेस मला मदत व्हावी म्हणून राजा सोयीच्या जागी आणून ठेवत होते. प्यादं शेवटचं घर चालायला मी हात उचलला, आणि माझ्या घड्याळातला लाल काटा पडला. वेळ संपली. मी हरले.

डेस लाल झाले. "पण मी आधीच हरलो होतो!"

ग्रॅहम म्हणाले, "हात मिळवला होता?"

"नाही."

"मग डाव चालूच होता. अभिनंदन, डेस."

अभिनंदन झालेला इतका दुःखी माणूस मी पाहिला नाही. दोन आठवडे ते माझ्या कपाशेजारी एक बिस्कीट जास्त ठेवत होते. मी ते खाल्लं. चूक माझी असली तरी बिस्किटाने काय केलंय?

कर्नल, म्हणजे ते मेंढ्यावाले, याही वर्षी भिंतीवर.

*

तिसऱ्या वर्षी मी पगडीही बांधली नाही. साधी साडी, मोजे, जाकीट. ग्रॅहम म्हणाले, "शास्त्री आज साध्या वेशात?"

"शास्त्री आज कामाला आलेत," मी म्हटलं.

शेवटचा डाव पुन्हा ग्रॅहमशी. बाहेर वारा असा, की हॉलचं छप्पर मधूनमधून टाळ्या वाजवत होतं. सुहास मागच्या बाकावर मोबाईलवर ऑफिसशी बोलत होता. डाव अर्ध्यावर आला तेव्हा डेसनी चहा आणला. घड्याळं थांबवली. ग्रॅहमनी कप हातात घेतला आणि बराच वेळ पटाकडे पाहून विचारलं,

"आजी, खरं सांगा. एकादशी सोडून तुमचे शास्त्री कधी हरले का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आमच्या घरातही नाही.

"एकदा," मी म्हटलं. "घरी."

"घरी कोणाकडून?"

मग मी सांगितलं. दुपारी दरबार नसला की शास्त्री माजघरात पट मांडून, चाली मोठ्याने म्हणत, एकटेच दोन्ही बाजू खेळायचे. बायको भिंतीकडे तोंड करून वाल सोलत बसलेली. एक दिवस ती मागे न बघता म्हणाली, "काळ्यांचा घोडा काढा." शास्त्र्यांना गंमत वाटली. त्यांनी काढला. ती बोलत गेली, शास्त्री तिची मोहरी हलवत गेले. तिने एकदाही पटाकडे पाहिलं नाही. सूप भरत आलं तेव्हा म्हणाली, "शह." शास्त्री पटावर वाकले ते वाकलेलेच. शेवटी तीच म्हणाली, "बघताय काय? मात आहे ती. पानं वाढू का?"

शास्त्री जेवले. पण त्यानंतर त्यांनी घरात पट मांडला नाही.

"हे मला माझ्या सासूबाईंनी सांगितलं," मी म्हटलं, "तेही सासरे परगावी गेल्यावर. घरातले पुरुष शास्त्र्यांचे किस्से सांगतात, त्यात हा नसतो."

ग्रॅहमचा चहा तसाच राहिला होता. "पटाकडे पाठ करून? सगळा डाव?"

"आणि वाल सोलत."

"पुन्हा कधी खेळल्या?"

"कोणाशी खेळणार? पट माळ्यावर गेला."

ग्रॅहमनी घड्याळ चालू केलं. मी त्यांना हत्तीने मारलं, अगदी साध्या हत्तीने, जसं कोणीही मारील. या वेळी हात पुढे आला तेव्हा मी लगेच धरला.

मग ग्रॅहम स्वतः खुर्चीवर चढले. फ्रेम काढली, काच बाहीने पुसली आणि डेसच्या हातात दिली. खिशातून पांढरी कागदी पट्टी आणि जाड पेन काढलं. पट्टी त्यांनी घरूनच कापून आणली होती. खुर्चीवरूनच म्हणाले, "बोला, आजी. बापूशास्त्री. नीट सांगा, मला चूक करायची नाही."

सगळा क्लब माझ्याकडे बघत होता. मी जाकिटाची चेन वर ओढली.

"यमुनाबाई लिहा," मी म्हटलं.

पेन थांबलं. ग्रॅहमनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी एकेक अक्षर सावकाश काढायला सुरुवात केली.

सुहास फोन खिशात टाकत पुढे आला. "आई, शास्त्र्यांचं ठरलं होतं ना? ही यमुनाबाई कोण?"

ग्रॅहमनी मान वळवली नाही. पट्टी भिंतीवर दाबत म्हणाले,

"तुझी खापरपणजी, मेट. तुला माहीत नाही?"