रेंजर, शालिनीकाकू आणि पिशवीभर रानफुलं

“मेधाताई, जरा इकडे या. आणि प्लीज ओरडू नका,” असं म्हणत निखिल मला बसच्या मागे घेऊन गेला. तिथे त्याची आई, शालिनीकाकू, उभ्या होत्या. हातात कापडी पिशवी, आणि ती रानफुलांनी गच्च भरलेली.

मी ओरडलेच. “अहो काकू, हे काय केलंत!”

“अगं, गणपतीसाठी घेतली,” काकू म्हणाल्या.

आम्ही पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात होतो. मी सिंगापूरच्या एका ट्रॅव्हल कंपनीत टूर लीडर आहे. म्हणजे ग्रुपबरोबर जायचं आणि विमानापासून जेवणापर्यंत सगळं निस्तरायचं. तिकडे वसंत येतो सप्टेंबरात. हिवाळ्यात बरा पाऊस झाला असेल तर लाल मातीवर नजर पोचेल तिथपर्यंत फुलं उगवतात आणि गावोगावी त्यांचे महोत्सव भरतात. सिंगापूरच्या शाळांना नेमकी तेव्हाच सुट्टी असते. म्हणून तिथल्या बेडोक-पुंगोल भागांतली मराठी कुटुंबं आणि भारतातून आलेले त्यांचे आईवडील यांना घेऊन मी दरवर्षी जाते. त्या वर्षी परतलो की लगेच गणपती होते.

आता नियम ऐका. तिथे रानफूल तोडणं हा गुन्हा आहे. त्या राखीव जागेत बस न्यायला आमच्या कंपनीला परमिट लागतं, आणि ग्रुपमधल्या कुणी असा उद्योग केला तर ते रद्द होऊ शकतं. परमिट गेलं की टूर बंद. ही टूर मी शून्यापासून उभी केली होती. “वाळवंटात फुलं बघायला कोण पैसे देणार?” म्हणून माझा बॉस केल्विन तेव्हा हसला होता.

“काकू, बसमध्ये माइकवर सांगितलं होतं ना मी, तोडू नका म्हणून?”

“सांगितलं होतंस की. मला वाटलं, ते केसात माळायला, घरात ठेवायला. देवाला कोण नाही म्हणतं?”

काकू मूळच्या वाईच्या. तिथे त्या सकाळी फिरायला निघायच्या त्या पिशवी घेऊनच. कुणाच्या कुंपणावरची जास्वंद घे, कुणाची तगर घे. देवासाठी म्हटलं की ती चोरी नसते, हे आपल्याकडे घरमालकालाही मान्य असतं. निदान तोंडावर तरी.

निखिल जहाजावर इंजिनिअर आहे, पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “कुणी बघितलं नाहीये. मी झुडपामागे टाकून येतो.”

“अजिबात नाही,” मी म्हटलं.

केल्विनला फोन लावला. तो त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, “थ्रो अवे लाह. डोंट रिपोर्ट. कॅन?”

“कॅनॉट,” म्हणून मी फोन ठेवला. आपण जाऊन सांगितलं तर ती चूक, त्यांनी पकडलं तर ती चोरी. या धंद्यात एवढं कळायला बॉस लागत नाही.

राखीव जागेची देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला तिथे रेंजर म्हणतात. आमची रेंजर उंच, उन्हानं रापलेली बाई होती. मी काकूंना बसमध्ये थांबायला सांगितलं.

“तोडली मी, आणि जाणार तू? चल,” म्हणत त्या पुढे निघाल्यासुद्धा.

मी सगळं सरळ सांगून पिशवी रेंजरच्या टेबलावर ठेवली. रेंजरनं विचारलं, कुणी तोडली? मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, “आय. ओन्ली आय. शी नो फॉल्ट. फॉर गॉड.” तिथे त्यांचं इंग्रजी संपलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. “तिला सांग, बेडोकला मुलाकडे राहायला आल्यापासून मी देवाला एक फूल स्वतः तोडून वाहिलेलं नाही. सगळी विकतची, फ्रिजमधली. इथे एवढी फुलं बघितली आणि हात आवरला नाही. चुकलं माझं. काय दंड असेल तो माझ्या नावावर लाव म्हणावं, पण या पोरीचं काम घालवू नको.”

मी इंग्रजीत सांगत गेले.

रेंजरनं पिशवीतली फुलं एकेक करून टेबलावर काढली. “एकही रोप उपटलेलं नाही,” ती म्हणाली.

“बाई गं, रोप कशाला कोण उपटेल?” मी मराठीत सांगितल्यावर काकू चांगल्याच दुखावल्या.

रेंजरनं काकूंच्या नावे लेखी ताकीद दिली. परमिटला हात लावला नाही. फुलं मात्र जप्त. ती गावातल्या महोत्सवाच्या हॉलमध्ये जातील, असं तिनं सांगितलं.

दुपारी आम्ही तो महोत्सव बघायला गेलो. लांब टेबलांवर परवानगीनं गोळा केलेली फुलं बाटल्यांमध्ये मांडली होती, प्रत्येकापुढे नावाची चिठ्ठी. एका टोकाला काकूंची फुलं होती. काकूंनी बूट काढले, हात जोडले आणि म्हणाल्या, “बाप्पा, नेता येत नाहीत रे. तूच इथे बघून जा.” निखिल त्यांचे बूट हातात धरून उभा राहिला. मी बसची वेळ झाली होती तरी कुणाला हाक मारली नाही.

तेव्हापासून मी सूचना बदलली आहे. इतर ग्रुपना सांगते, फुलं तोडू नका. मराठी ग्रुपला सांगते, फुलं तोडू नका, देवासाठीसुद्धा नाही. तरी मागच्या सीटवरून कुणीतरी विचारतंच, “मग दूर्वा?”